एकही बॉल न खेळता वाढलेली मतं

सिएटल मरिनर्स या बेसबॉल टीमचा एडगर मार्टिनेझ शेवटची मॅच खेळला 2004 साली. बेसबॉल हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या म्युझियमच्या, मतपत्रिकेवर त्याचं नाव पहिल्यांदा आलं 2010 मध्ये आणि तेव्हा त्याला 36.2 टक्के मतं पडली. आत जायला लागतात 75. चार वर्षांनी तीच मतं घसरून 25.2 वर आली. आणि 2019 मध्ये त्याच माणसाला मिळाली 85.4 टक्के. मधल्या काळात त्याच्या खात्यात एक हिट वाढला नाही, 309 होमरन होते ते 309 च राहिले, बॅटिंग ॲव्हरेज .312, म्हणजे हजारात 312 वेळा हिट, होतं ते तेवढंच राहिलं. बदलले ते मत देणारे. निवृत्त खेळाडूंच्या या मानसन्मानांचं तुला एवढं काय वेड असं घरातले विचारतात तेव्हा मी त्यांना एडगरचे हे तीन आकडे सांगते. संपलेल्या करिअरकडे लोक परत परत बघतात, भांडतात, नव्यानं मोजतात, आणि मग कधीतरी, उशिरा का होईना, त्यांना ते नीट दिसायला लागतं. ते दिसताना बघणं मला फार फार आवडतं.

आम्ही डोंबिवलीहून सिएटलजवळ राहायला आलो ते 2001 साली. तोच इचिरो सुझुकीचा इथला पहिला सीझन आणि तोच मरिनर्सनी 162 पैकी 116 मॅचेस जिंकल्या तो सीझन, म्हणजे 1906 च्या शिकागो कब्जच्या रेकॉर्डशी बरोबरी. गावभर नुसतं बेसबॉल. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गाडीत रेडिओवर डेव्ह नीहाउसचा आवाज असायचा आणि क्रिकेटची मराठी कॉमेंट्री ऐकत वाढलेल्या कुणालाही हे सांगायला नको की रेडिओवरून खेळ डोळ्यांसमोर उभा करणारा माणूस काय चीज असते. त्या आवाजानंच मला खेळ शिकवला, स्ट्राइक कशाला म्हणायचं, डबल म्हणजे काय, दोन आउट असताना बेसवरचा माणूस बॉल लागल्या लागल्या का पळत सुटतो. नीहाउसला 2008 मध्ये फोर्ड फ्रिक अवॉर्ड मिळाला, हॉल ऑफ फेम कॉमेंटेटर्सना देतं तो, आणि 2010 च्या नोव्हेंबरात तो गेला. दोनच वर्षं, पण त्याचं कौतुक त्याच्या कानांवर पडलं, याचं मला अजून बरं वाटतं. का ते पुढे कळेलच.

आधी ही निवड कशी होते ते सांगते, कारण त्याशिवाय यातली मजाही कळणार नाही आणि दुःखही. हॉल ऑफ फेम आहे न्यूयॉर्क राज्यात, कूपरस्टाउन नावाच्या गावात. वस्ती दोन हजारांच्या आत, शेजारी ओट्सेगो लेक, एक मेन स्ट्रीट आणि त्या रस्त्यावर 1939 मध्ये उघडलेलं हे म्युझियम. पहिले पाच जण 1936 लाच निवडले होते, टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, ख्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. आत एका लांबलचक दालनात भिंतींवर ब्राँझच्या पाट्या आहेत, प्रत्येक पाटीवर चेहरा आणि खाली चार ओळी. बेब रूथची पाटी आणि आज कुणाला नावही आठवणार नाही अशा एखाद्या एकोणिसाव्या शतकातल्या पिचरची, म्हणजे बॉल टाकणाऱ्याची, पाटी, दोन्ही एकाच मापाच्या. मी तिथे उभी होते तेव्हा ही गोष्ट मनात घर करून बसली.

खेळाडू किमान दहा सीझन खेळलेला हवा, निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली हवीत. मत देतात बेसबॉल लिहिणारे पत्रकार, ज्यांना त्यांच्या संघटनेत दहा वर्षं झालीयेत असे. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावं. 75 टक्के मिळाले की आत, 5 टक्क्यांच्या खाली गेलात की या मतपत्रिकेवरून नाव कायमचं उडालं, आणि मधे लटकत राहिलात तर दहा वर्षं संधी. आधी ही मुदत पंधरा वर्षांची होती, 2014 मध्ये दहावर आणली. पत्रकारांनी नाही निवडलं तर मग पुढे सोळा जणांची एक कमिटी असते, जुन्या खेळाडूंचा विचार करणारी, तिथे बारा मतं लागतात. जानेवारीत एका मंगळवारी निकाल लागतो. त्याआधी डिसेंबरभर काही पत्रकार आपापली मतपत्रिका जाहीर करत राहतात आणि फॅन मंडळी त्यांची बेरीज करत बसतात, त्याचा एक पब्लिक ट्रॅकरच आहे, तो मी बोर्डाच्या निकालाची वाट बघावी तशी उघडून बसते. कोण कुणाचं नाव नव्यानं घालतंय, कुणी का काढलं, कुणी लेख लिहून कारण दिलंय. हा सगळा खटाटोप ज्यांच्यासाठी चालतो ते खेळाडू तेव्हा कुठेतरी शाळेच्या टीमला कोचिंग देत असतात नाहीतर नातवंडं सांभाळत असतात.

तर एडगर. त्याचा जन्म न्यूयॉर्कचा पण वाढला पोर्तो रिकोत, आजी-आजोबांकडे, आणि आईवडील परत न्यूयॉर्कला निघाले तेव्हाही हा आजी-आजोबांजवळच राहिला. कारखान्यात रात्रपाळी करायचा, त्या रात्रपाळीवरून थेट मरिनर्सच्या ट्रायआउटला गेला. मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, पक्की जागा मिळेपर्यंत सत्तावीस वर्षांचा झाला होता. डोळ्यांचा त्रास होता, दोन डोळे एका रेषेत काम करायचे नाहीत, आणि ताशी दीडशे किलोमीटरनं येणारा बॉल मारायचा म्हणजे दोन डोळ्यांचा मेळ लागणारच, म्हणून हा मॅचआधी डोळ्यांचे व्यायाम करत बसायचा. 1993 चा सीझन सुरू व्हायच्या आधी हॅमस्ट्रिंग दुखावली आणि पुढे तो जवळजवळ पूर्णवेळ डेझिग्नेटेड हिटर झाला.

इथेच त्याचं घोडं पेंड खात होतं. डेझिग्नेटेड हिटर म्हणजे पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा, फील्डिंगला जायचंच नाही. अमेरिकन लीगमध्ये हा नियम 1973 पासून होता पण नॅशनल लीगमध्ये नव्हता, आणि बऱ्याच जुन्या पत्रकारांच्या मते असा खेळाडू म्हणजे अर्धाच खेळाडू. मला हे कधीच पटलं नाही. जे काम टीमनं दिलं ते त्यानं दोन दशकांत कुणीही केलं नसेल इतकं चांगलं केलं, दोनदा लीगचा बॅटिंग चॅम्पियन झाला, आणि तो दर शंभरात जवळजवळ 42 वेळा कसाही करून बेसवर पोचायचा, हिट मारून म्हणा, पिचरच्या चार चुकीच्या बॉल्सवर मिळणारा वॉक घेऊन म्हणा. हा दुसरा आकडा आधी कुणी फारसा बघायचं नाही. मग नव्या दमाचे, आकड्यांकडे वेगळ्या नजरेनं बघणारे पत्रकार आले, मरिनर्सच्या ऑफिसातल्या लोकांनी वर्षानुवर्षं पत्रकारांना माहिती पुरवली, फॅन्सनी धोशा लावला, आणि 2015 ला 27 टक्क्यांवर असलेला माणूस 43.4, 58.6, 70.4 असं करत दहाव्या म्हणजे शेवटच्या वर्षी आत गेला.

सिएटलमध्ये कुणालाही एडगर म्हटलं की 'द डबल' आठवतो, डबल म्हणजे मारणाऱ्याला दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा हिट. 8 ऑक्टोबर 1995, मरिनर्सचं जुनं स्टेडियम किंगडोम, न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध सिरीजची पाचवी आणि निर्णायक मॅच, अकरावी इनिंग, एका रननं मागे. जोई कोरा तिसऱ्या बेसवर, केन ग्रिफी पहिल्यावर. एडगरनं बॉल लेफ्ट फील्डच्या कोपऱ्यात मारला, कोरा आला, आणि ग्रिफी पहिल्या बेसपासून जो सुटला तो थेट होमपर्यंत. 6-5. मी तेव्हा भारतात होते, मला बेसबॉलची गंधवार्ताही नव्हती, पण नंतर ते नीहाउसच्या आवाजात इतक्यांदा ऐकलंय की स्वतः तिथे असल्यासारखं वाटतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्या स्टेडियमसाठीचा टॅक्स मतदारांनी थोडक्यात नाकारला होता आणि टीम शहर सोडून जाणार अशी हवा होती. त्या ऑक्टोबरनं वारं फिरलं, राज्याच्या विधिमंडळानं पैशांची सोय केली, नवं स्टेडियम 1999 ला उभं राहिलं. आज त्या स्टेडियमला लागून असलेल्या रस्त्याचं नाव एडगर मार्टिनेझ ड्राइव्ह आहे. आम्ही त्याच रस्त्यानं मॅचला जातो.

आणि योगायोग बघा. 2019 ला त्याच्याबरोबर आत गेला मारियानो रिव्हेरा, यँकीजचा तो ग्रेट क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखणारा पिचर, 652 सेव्ह्ज, म्हणजे अशा राखलेल्या मॅचेस, हॉल ऑफ फेमच्या इतिहासात पत्रकारांची शंभर टक्के मतं मिळालेला आजवरचा एकमेव माणूस, 425 पैकी 425. त्या रिव्हेराला सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल तर एडगरनं, रेग्युलर सीझनमध्ये वॉक वगैरे सोडून 19 वेळा समोरासमोर आले त्यात 11 हिट्स. ज्याच्याबद्दल एकाही पत्रकाराला शंका नव्हती त्याला ज्यानं असा धुतला, त्याच्याबद्दल मात्र दहा वर्षं शंका. दोघं एकाच दिवशी एकाच स्टेजवर बसलेले बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एडगर आपल्या भाषणात लहानपणी टीव्हीवर बघितलेल्या रोबर्तो क्लेमेंतेबद्दल बोलला. क्लेमेंते हा पोर्तो रिकोचा देव. 31 डिसेंबर 1972 ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान समुद्रात कोसळलं आणि तो गेला, नावावर बरोबर 3000 हिट्स. त्याच्यासाठी पाच वर्षांची अट बाजूला ठेवून 1973 मध्येच खास निवडणूक घेतली होती. म्हणजे मनात आणलं तर घाई करता येते.

बिली वॅग्नरची गोष्ट मला एडगरइतकीच जवळची. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातल्या गरीब घरातला मुलगा, जन्माचा उजखोरा, लहानपणी उजवा हात मोडला, बरा होतोय तोच परत मोडला, मग डाव्या हातानं फेकायला शिकला. आणि त्या डाव्या हातानं पुढे ताशी शंभर मैलांचे बॉल टाकले. 422 सेव्ह्ज, ईआरए, म्हणजे नऊ इनिंग्जमागे सरासरी दिलेले रन, 2.31, फक्त 903 इनिंग्जमध्ये 1196 स्ट्राइकआउट्स, म्हणजे तीन स्ट्राइक टाकून आउट केलेले बॅटर. आक्षेप एकच, इनिंग्ज कमी. क्लोजर येतोच मुळी शेवटच्या इनिंगला, त्याच्या इनिंग्ज कमीच असणार! पहिल्या वर्षी, 2016 ला, 10.5 टक्के मतं. 2024 ला 73.8 टक्के, म्हणजे पाच मतं कमी. पाच! त्या रात्री मी खूप वेळ ते आकडे बघत बसले होते. तेव्हा तो व्हर्जिनियात एका शाळेच्या टीमचा कोच होता, आणि आपण हुकलो हे त्या मुलांना सांगून दुसऱ्या दिवशी परत प्रॅक्टिसला उभं राहायचं, हे किती अवघड असेल. 2025 हे त्याचं दहावं वर्ष, शेवटचं. 82.5 टक्के. बातमी कळली तेव्हा हा आडदांड माणूस ढसाढसा रडला. हे सगळं फक्त एका पाटीसाठी का, असं कुणी म्हणेल, पण आयुष्यभर ज्या कामाला 'थोडंसंच काम' म्हटलं गेलं त्याला कुणीतरी पूर्ण काम म्हणणं, हे त्या रडण्यात होतं असं मला वाटतं.

वॅग्नरबरोबर त्या वर्षी पिचर सीसी सबाथिया होता, आणि इचिरो होता. इचिरोबद्दल लिहायला बसले तर हा लेख संपणारच नाही, त्यामुळे हात आखडता घेते. जपानमध्ये 1278 हिट्स मारून सत्ताविसाव्या वर्षी इथे आला, लोक म्हणाले हा किडकिडीत मुलगा इथल्या पिचर्ससमोर काय टिकणार, आणि त्यानं पहिल्याच वर्षी एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू) आणि रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा) दोन्ही घेतले. सलग दहा सीझन 200 च्या वर हिट्स. 2004 मध्ये 262 हिट्स मारून जॉर्ज सिसलरचा 1920 पासूनचा 257 चा रेकॉर्ड मोडला, आणि मोडल्यावर काय केलं, तर स्टँडमध्ये सिसलरच्या घरचे बसले होते त्यांच्याकडे धावत गेला आणि वाकून हात मिळवले. पुढे 2009 मध्ये सेंट लुइसला खेळायला गेला तेव्हा सिसलरच्या थडग्यावर जाऊन आला. स्वतः खेळत असतानाच तो वेळ काढून अनेकदा कूपरस्टाउनला जायचा, जुन्या खेळाडूंच्या बॅटी हातात घेऊन बघायचा, त्या पकडायला कशा लागतात, वजन कुठे आहे. आपल्या आधी कोण खेळून गेलं याची ज्याला इतकी ओढ, त्याला तिथे बसवताना ती जागा त्याचीच होती असं वाटत होतं.

393 मतं, 394 पैकी. एकानं दिलं नाही, आणि तो कोण ते अजून कुणाला माहीत नाही. इचिरोनं आधी म्हटलं होतं की त्या माणसाला मी घरी बोलावून बरोबर प्यायला बसेन. 27 जुलै 2025 ला कूपरस्टाउनच्या हिरवळीवर भाषण केलं, चक्क इंग्रजीत, इतकी वर्षं दुभाष्या घेऊन बोलणारा माणूस, आणि त्यात सांगितलं की त्या पत्रकाराला दिलेलं घरच्या जेवणाचं आमंत्रण आता एक्सपायर झालंय. सगळी हिरवळ हसली. आम्ही घरी टीव्हीसमोर बसलो होतो, माझ्या मुलीनं ते वाक्य तीनदा मागे नेऊन ऐकलं. आशियात जन्मलेला हॉल ऑफ फेममधला तो पहिला खेळाडू. सिएटलच्या आसपास राहणाऱ्या आमच्यासारख्या कितीतरी आशियाई घरांना त्या दिवशी जे वाटलं ते सांगून कळणार नाही. इथल्या शाळेत मुलांनी ज्याचा 51 नंबरचा टीशर्ट घातला तो आपल्यासारखाच बाहेरून आलेला होता, आणि बाहेरून आलेला माणूस या खेळाच्या सगळ्यात आतल्या खोलीत जाऊन बसला.

मग 9 ऑगस्टला सिएटलमध्ये त्याचा 51 नंबर रिटायर केला, म्हणजे आता मरिनर्समध्ये तो नंबर कुणी घालायचा नाही. ही पद्धत मला हॉल ऑफ फेमपेक्षाही घरगुती वाटते, कारण ती त्या गावाची आणि त्या टीमची असते. इथे ग्रिफीचा 24 आहे, एडगरचा 11 आहे, आणि सगळीकडे असतो तो मेजर लीगमधला वर्णभेद मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनचा 42, जो 1997 मध्ये सगळ्या मेजर लीगनं एकदमच रिटायर केला. 51 ची गंमत अशी की इचिरोच्या आधी तो पिचर रँडी जॉन्सनचा होता, तोही हॉल ऑफ फेमर. इचिरोला तो नंबर मिळाला तेव्हा त्यानं रँडीला कळवलं होतं की या नंबरला मी कमीपणा येऊ देणार नाही. त्यामुळे रँडीसाठीही 2026 मध्ये वेगळा सोहळा करायचं टीमनं ठरवलं. एकच नंबर, दोन माणसं, दोघांचा मान. अगदी योग्य केलं.

पण त्याच 27 जुलैला, त्याच स्टेजवर, आणखी दोन पाट्या होत्या, आणि त्या घ्यायला ती दोन माणसं नव्हती.

डेव्ह पार्कर. सहा फूट पाच इंच, टोपणनाव कोब्रा, पिट्सबर्ग पायरेट्सचा राइट फील्डर. 1977 आणि 1978 चा बॅटिंग चॅम्पियन, 1978 चा एमव्हीपी, 1979 ची वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या टीमचा कणा, एकूण 2712 हिट्स. 1979 ची ऑल स्टार गेम सिएटलच्या किंगडोममध्ये झाली, त्यात त्यानं राइट फील्डमधून दोन थ्रो केले, एक तिसऱ्या बेसवर, एक थेट होमवर, दोन्ही वेळा समोरचा आउट, आणि मॅचचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आमच्याकडचे जुने फॅन अजून त्या थ्रोबद्दल बोलतात. मधे ड्रग्जच्या प्रकरणात नाव आलं, त्याची किंमत त्यानं मोजली, पत्रकारांच्या मतपत्रिकेवर पंधरा वर्षं राहिला आणि कधी 25 टक्क्यांपर्यंतही पोचला नाही. नंतर पार्किन्सन्स झाला. डिसेंबर 2024 मध्ये कमिटीनं सोळापैकी चौदा मतांनी त्याला निवडलं. त्याला ती बातमी कळली, तो बोलला, आनंदला. 28 जून 2025 ला गेला. सोहळ्याला एक महिनासुद्धा राहिला नव्हता. त्याच्या मुलानं त्याच्या वतीनं भाषण केलं आणि बापानं लिहून ठेवलेली कविता वाचली. मला ते ऐकवत नव्हतं आणि बंदही करवत नव्हतं.

आणि डिक ॲलन. 1964 चा रुकी ऑफ द इयर, 1972 चा एमव्हीपी, 351 होमरन. फिलाडेल्फियात स्वतःच्याच टीमचे प्रेक्षक त्याच्यावर वस्तू फेकायचे, वर्णद्वेष इतका की फील्डिंग करतानाही तो डोक्यावर बॅटिंगचं हेल्मेट घालायचा. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. स्वतःच्या गावच्या ग्राउंडवर हेल्मेट घालून उभं राहायचं आणि तरी एवढं खेळायचं! लोक म्हणायचे तो चिडका आहे, कुणाशी पटवून घेत नाही. कसं पटवून घ्यायचं होतं त्यानं? 2014 मध्ये कमिटीत त्याला अकरा मतं मिळाली, एक कमी. पुढचं मतदान 2020 च्या डिसेंबरमध्ये होणार होतं, कोविडमुळे वर्षभर पुढे ढकललं, आणि त्याच डिसेंबरात तो वारला. 2021 ला परत अकरा, परत एक कमी. 2024 ला तेरा. कूपरस्टाउनला त्याची बायको विला बोलली. त्यातल्या त्यात एवढंच की त्याच्या फिलाडेल्फियाच्या टीमनं, फिलीजनी, 2020 च्या सप्टेंबरमध्ये त्याचा 15 नंबर रिटायर केला होता आणि तो स्वतः तिथे हजर होता. ज्या गावानं हेल्मेट घालायला लावलं त्या गावानं जाता जाता माफी मागितल्यासारखं केलं.

या उशिराचा मला राग येतो, खरंच येतो. कमिटीतल्या लोकांना एकेका माणसाला मोजकीच नावं निवडता येतात, मोजकीच मतं देता येतात, हे मान्य. पण माणूस ऐंशीच्या घरात आहे, आजारी आहे, आणि त्याचे आकडे गेली पस्तीस वर्षं कागदावर तसेच आहेत, तर आणखी तीन वर्षं थांबून नवीन काय कळणार असतं?

बक ओ'नीलचं नाव काढल्याशिवाय मला हे पुरं करता येणार नाही. जन्म 1911, फ्लोरिडा. काळा म्हणून गावातल्या हायस्कूलमध्ये प्रवेश नाही, काळा म्हणून मेजर लीगमध्ये प्रवेश नाही. कॅन्सस सिटी मोनार्क्ससाठी निग्रो लीग्जमध्ये, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीग्जमध्ये, खेळला, मॅनेजर झाला, 1962 मध्ये शिकागो कब्जनी त्याला कोच केलं, मेजर लीगमधला पहिला काळा कोच. म्हातारपणी गावोगाव हिंडून विस्मरणात गेलेल्या आपल्या सोबत्यांच्या गोष्टी सांगत राहिला, कॅन्सस सिटीतलं निग्रो लीग्जचं म्युझियम उभं करण्यात त्याचा मोठा हात. 2006 मध्ये हॉल ऑफ फेमनं निग्रो लीग्जसाठी खास कमिटी बसवली, तिनं एका फटक्यात सतरा जण निवडले. त्यात ओ'नील नव्हता. एका मतानं हुकला अशी बातमी आली. चौऱ्याण्णव वर्षांचा माणूस. आणि मग त्यालाच विचारलं गेलं की हे सतरा जण तर सगळे गेलेले आहेत, त्यांच्या वतीनं तुम्ही बोलाल का? तो गेला. जुलैच्या उन्हात उभा राहिला, एका शब्दानं तक्रार नाही, हसत हसत बोलला, स्टेजवरच्या आणि समोरच्या सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि गायला लावलं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबरमध्ये, तो गेला. डिसेंबर 2021 मध्ये त्याची निवड झाली, 2022 च्या जुलैमध्ये पाटी लागली.

ते भाषण मी बरेचदा बघते. दुसऱ्यांच्या सन्मानासाठी इतक्या मोकळ्या मनानं उभं राहणं मला जमेल का, असा विचार येतो आणि मला पद्माकर शिवलकर आठवतात. वडिलांकडून ऐकलेलं नाव. मुंबईचा डावरा स्पिनर, फर्स्ट क्लासमध्ये 589 विकेट्स आणि एकही टेस्ट नाही, कारण त्या काळात बेदी होते. 2017 मध्ये बीसीसीआयनं त्यांना आणि हरियाणाच्या राजिंदर गोयल यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, दोघंही एकही टेस्ट न खेळलेले. बाबांनी ती बातमी मला फोनवर वाचून दाखवली होती, आवाज कापत होता त्यांचा. शिवलकर 2025 च्या मार्चमध्ये गेले, पण तो पुरस्कार त्यांनी स्वतः स्टेजवर जाऊन घेतला होता.

बॅटर बॅरी बाँड्स आणि पिचर रॉजर क्लेमेन्स यांच्याबद्दल लोक मला हमखास विचारतात. स्टिरॉइड्सच्या संशयामुळे दोघंही दहा वर्षं अडकले आणि 2022 ला 66 आणि 65.2 टक्क्यांवर पत्रकारांची मुदत संपली. बाँड्सचे 762 होमरन कुणी पुसू शकत नाही आणि पुसूही नयेत, म्युझियममध्ये त्याच्या वस्तू आहेतच. पण पाटीसाठी माझं मन तयार होत नाही. त्याच काळात जे प्रामाणिकपणे खेळले आणि त्यामुळे मागे पडले, ज्यांची नावं आपल्याला कधी कळणारही नाहीत, त्यांचा विचार मला आधी येतो.

माझा जीव आता गुंतलाय तो फेलिक्स हर्नांडेझमध्ये. किंग फेलिक्स. व्हेनेझुएलाहून आलेला पोरगा, एकोणिसाव्या वर्षी सिएटलसाठी पिचिंग करायला लागला, 2005 ते 2019, दुसऱ्या कुठल्या टीमसाठी मेजर लीगमध्ये एक बॉल टाकला नाही. 2010 मध्ये लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग अवॉर्ड मिळाला तेव्हा त्याचा रेकॉर्ड होता 13 विजय, 12 पराभव, कारण टीम त्याच्यामागे रनच करायची नाही. 15 ऑगस्ट 2012 ला परफेक्ट गेम टाकली, सत्तावीस बॅटर आले आणि सत्तावीसच्या सत्तावीस परत गेले. एकूण विजय फक्त 169, आणि पोस्टसीझनची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीची, एकही मॅच नशिबात नाही. जुना हिशोब लावणारे म्हणतात 169 विजयांवर कुणी आत जातं का. मी म्हणते विजय टीमचा असतो, पिचरच्या हातात काय असतं ते बघा, त्याची ऐन भरातली ती सात-आठ वर्षं बघा, मोठ्या पैशासाठी तो मोठ्या शहरात जाऊ शकत होता आणि गेला नाही हेही बघा. स्टेडियममध्ये लेफ्ट फील्डच्या बाजूला पिवळे टीशर्ट घालून बसणारा त्याचा 'किंग्ज कोर्ट' होता, दोन स्ट्राइक झाल्या की सगळे उठून 'के' (स्ट्राइकआउटची खूण) लिहिलेले पिवळे बोर्ड नाचवायचे, आम्हीही त्यात असायचो, टीम शेवटच्या नंबरवर असली तरी फेलिक्सच्या दिवशी तो सेक्शन भरलेला असायचा. 2025 ला पहिल्या वर्षी त्याला 20.6 टक्के मतं मिळाली आणि पुढच्याच वर्षी ती चांगली वाढली. एडगर चौथ्या-पाचव्या वर्षी कुठे होता ते वर लिहिलंच आहे. ज्या पत्रकारांनी यंदा फेलिक्सचं नाव नव्यानं घातलं त्यातल्या दोघांना मी पत्र लिहून आभार मानले, आणि ज्यांनी नाही घातलं त्यातल्या एकाला त्याच्या 2009 ते 2014 च्या आकड्यांचा कागद करून पाठवलाय. उत्तर अजून आलेलं नाही, पण पुढचं मतदान वर्षअखेरीसच आहे.